‘नाही’ म्हणायला बंदी

त्याचं कागदोपत्री नाव त्याच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं. बाकी सगळ्या जगासाठी तो ‘होआणि’. हे बारसं त्याच्या धंद्याने केलं. कंपन्या, कचेऱ्या, संस्था त्याला बोलावतात, आपली माणसं एका खोलीत कोंडतात आणि हा त्यांच्या डोक्यांतून नव्या कल्पना काढून देतो. त्याच्या शेजारच्या आजींना हे समजावून सांगायचा एकदा प्रयत्न झाला होता. आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “डोक्यातून काढतो? मग आमच्या नातीकडे पण बघ म्हणावं. शाळेतून भरून आणते मेली.”

त्याच्या खोलीचा पहिला नियम असा, की ‘नाही’ म्हणायचं नाही. हा नियम सांगतानाच मोडतो, असं मी त्याला एकदा दाखवून दिलं, तर म्हणाला, “हो, आणि म्हणूनच तो लक्षात राहतो.” अशा माणसाशी भांडणार कसं? दुसरा काहीही म्हणो, आपण “हो, आणि” करून गाडी पुढे न्यायची. कुणी म्हणालं, कचेरी झाडावर भरवू, तर “पडून मराल” म्हणायचं नाही. “हो, आणि पगार पिकला की आपोआप खाली पडेल,” असं म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून ‘नाही’ निसटलं, की होआणि टेबलावरची पितळी घंटा टणकन वाजवतो. खोली हसते. ‘नाही’वाला ओशाळतो आणि उरलेला वेळ मान फक्त वरखाली हलवतो.

हा धंदा त्याला खुर्च्यांनी शिकवला. आधी तो कचेऱ्यांना खुर्च्या विकायचा. विकलेल्या खुर्चीचा स्क्रू सैल झाला की पान्हा घेऊन स्वतःच जायचा, आणि वर बैठक चालू असताना खाली टेबलाखाली आडवा पडून स्क्रू पिळायचा. जगातल्या फार थोड्या विद्वानांनी बैठका खालून ऐकल्या असतील. त्याच्या असं लक्षात आलं, की खुर्चीची पाठ जितकी उंच तितकं तोंड मोठं. ज्याला हातच नाहीत अशा खुर्चीतला माणूस सबंध बैठकीत फक्त खोकतो, आणि जिन्यात बाहेर पडल्यावर शेजाऱ्याला म्हणतो, “मला खरं तर एक सुचलं होतं.” ही जिन्यात वाया जाणारी वाक्यं गोळा करायला माणूस हवा, असं त्याने ठरवलं आणि पान्हा ठेवून दिला.

म्हणून त्याचं पहिलं काम म्हणजे खुर्च्या खोलीबाहेर काढणं. सगळे उभे. मग अंग मोकळं करायला एक फालतू प्रश्न: मोडक्या छत्रीचे उपयोग सांगा. पहिली पाच उत्तरं मेलेली असतात. सहाव्यापासून माणसं जिवंत होतात. मग खरा प्रश्न भिंतीवर लागतो आणि खोलीत एकदम चिडीचूप होतं, कारण आता बोलायचं नसतं, लिहायचं असतं. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीवर एक कल्पना लिहायची आणि चिठ्ठी उजवीकडे सरकवायची. उजवीकडच्याने तिच्याखाली भर घालायची. बोलू दिलं, की पहिला साहेब बोलतो आणि बाकीचे त्याच्या वाक्याला झालर लावतात. चिठ्ठीला आवाज नसतो, पद नसतं. साहेबाला तर तो खोलीबाहेरच ठेवतो. चिठ्ठ्या मोठ्याने वाचून झाल्या, त्यांवर सगळ्यांचं ‘हो, आणि’ झालं आणि त्या भिंतीवर लागल्या की प्रत्येकाच्या हातात लाल ठिपके, आणि ज्याला जी कल्पना आवडेल तिच्यावर त्याने आपला ठिपका चिकटवायचा.

इथपर्यंत अर्धं काम. उरलेलं अर्धं चहानंतर, आणि त्याला तो ‘खोडफेरी’ म्हणतो. त्या फेरीत घंटा पिशवीत जाते, ‘नाही’वरची बंदी उठते, आणि ज्या कल्पनेवर ठिपके जास्त तिच्यातल्या खोडी काढायच्या, आडव्या, उभ्या, हव्या तशा. “पहिली फेरी म्हणजे भिंत बांधणं,” तो सांगतो, “दुसरी म्हणजे ओळंबा लावणं. ओळंबा न लावता भिंत ठेवून जाणारा गवंडी तुम्ही घरात घ्याल का?” तो हे वाक्य फार छान म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वतः कधी ओळंब्याशिवाय उठणार नाही.

आता या माणसाची खरी गोम सांगतो. ‘नाही’ची बंदी ही त्याची युक्ती नव्हे, तो त्याचा आजार आहे. घरातही त्याला तो शब्द येत नाही. दारावर विकायला आलेल्या प्रत्येकाला तो “हो” म्हणतो. त्याच्या स्वयंपाकघरात पाणी गाळायची तीन यंत्रं आहेत. एकातलं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातलं तिसऱ्यात घातलं तर पाणी उरेल का, अशी त्याच्या बायकोला शंका आहे. ती म्हणते, “आमच्या घरात ‘नाही’ म्हणायचं खातं माझ्याकडे. ह्यांच्याकडे मनुष्यबळ कमी आहे.”

देवाने तोल सांभाळायला त्याच्या थोरल्या बहिणीला नवरा दिला तो नेमका उलट्या बाजूचा. हे भावोजी म्हणजे चालताबोलता नन्नाचा पाढा. सोसायटीत लिफ्ट आली, भावोजी म्हणाले नाही, पायांचं काय होईल? घरात वॉशिंग मशीन आलं, भावोजी म्हणाले नाही, हात कुणाचा ते कपड्यांना कळतं. होआणिचं लग्न ठरताना त्यांनी मुलगी बघून “उंच आहे” अशी हरकत घेतली होती. मुलीच्या आईने “माळ्यावरचं काढायला बरी” असं तिथल्या तिथे सांगितलं नसतं, तर लग्न मोडलंच होतं. शंभरातल्या नव्वद वेळा भावोजींचं ‘नाही’ चुकीचं ठरे, आणि तरी ते पुढचं ‘नाही’ त्याच थाटात म्हणत. एक मात्र होतं. आईवडील गेल्यावर होआणिला वसतिगृहात ठेवावं असं सगळ्या नातेवाइकांनी ठरवलं होतं, तेव्हा नव्यानेच जावई झालेले हे गृहस्थ म्हणाले होते, “नाही. इथेच राहील.” त्या एका ‘नाही’वर होआणि वाढला, शिकला आणि ‘नाही’वर बंदी घालायला मोकळा झाला.

भावोजी एका पंखे बनवणाऱ्या कंपनीत दुरुस्ती विभागाचे प्रमुख होते. तळमजल्यावर लांबट खोली, भिंतीला टांगलेली पाती, टेबलावर उघडी पडलेली मोटरची पोटं, तांब्याच्या तारेचा वास, आणि रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. खिडकीबाहेर बाक. बाकावर मांडीत पंखा घेऊन बसलेली गिऱ्हाइकं. हाताखाली सहा माणसं, आणि सहाही जण भावोजींच्या तालमीत तयार झालेली, म्हणजे गिऱ्हाईक पंखा दाखवायच्या आतच “होणार नाही” म्हणून मोकळी होणारी. मग आठवड्याने पंखा चालू करून देणारी. होआणिची ताई त्या पगारावर घर चालवत होती. भावोजींच्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार, हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नव्हती.

या पंखेवाल्यांनीच एक दिवस होआणिला बोलावलं. मालकीणबाई तरुण होत्या, सौम्य होत्या, प्रत्येक वाक्याआधी “सॉरी हं” म्हणणाऱ्या. त्यांनी प्रश्न दिला: पुढच्या वर्षी खर्च कुठे कमी करता येईल?

होआणिने नाक मुरडलं. म्हणजे मनातल्या मनात, कारण बाहेरून तो “हो, आणि” म्हणत होता. “हो, आणि आपण तो जरा हसरा करू या का? खर्चाचं नाव काढलं की माणूस खिशावर हात ठेवून उभा राहतो. अशा हाताने तो लिहिणार कसा?” प्रश्न घरी आणून त्याने तो धुतला, वाळवला, इस्त्री केली. त्याच्या धंद्यात प्रश्न म्हणजे नवरदेव. बाकी सगळं वऱ्हाड. शेवटी जे हाती आलं त्यावर तो इतका खूश झाला की त्याने बायकोला गॅस बंद करून यायला लावलं.

“गिऱ्हाइकाचं थांबणं कसं संपवता येईल?”

“छान आहे,” बायको म्हणाली. “दूध उतू गेलं असतं.”

मालकीणबाईंना तर प्रश्न फारच आवडला. त्यात खर्च नव्हता, कपात नव्हती, कुणावर बोट नव्हतं. त्यात गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाइकाचं बरं व्हावं असं कुणाला वाटत नाही?

रविवारी दुपारी होआणि ताईकडे गेला तेव्हा प्रश्नाचा मोठा छापील कागद गुंडाळी करून काखेत होता. शाळेत बक्षीस मिळालं की ते आधी ताईला दाखवायची खोड गेलेली नाही. ताईने कागद सतरंजीवर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. भावोजींनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, “नाही.”

“झालं सुरू,” ताई म्हणाली.

“काय नाही, भावोजी?”

“हा प्रश्न नाही. ही माझी गच्छंती आहे.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “आमच्या कंपनीत गिऱ्हाईक थांबतं कुठे? विक्रीत थांबतं? तिथे पैसे देतं आणि पंखा घेऊन पळतं. हिशेबात थांबतं? गिऱ्हाईक थांबतं माझ्या खिडकीशी. सबंध इमारतीत बाक एकच आहे.”

होआणि हसला. त्याला ते खरंच दिसलं नव्हतं. इतक्या दिवसांत प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाचा त्याने वास घेतला होता, पण गिऱ्हाईक कुठे बसतं हे काही पाहिलं नव्हतं. “अहो, लोक काहीही लिहितील. फोनवर उत्तर लवकर द्या लिहितील, घरपोच पंखा द्या लिहितील.”

“एक जण दुरुस्ती लिहील आणि वीस जण ‘हो, आणि’ म्हणतील. तुझ्या खोलीत ‘नाही’ म्हणायची सोय नाही. कुणाला आहे सोय? आमच्या खात्यातून मी एकटाच येणार. वीस माणसांत मला एकट्याला तो शब्द येतो, आणि मी म्हणालो की तू घंटा बडवणार.”

“प्रश्न बदल ना रे,” ताई म्हणाली. “चार शब्द इकडचे तिकडे. तुला काय कठीण?”

“मॅडमनी मंजूर केलाय ताई. छापून झालाय.”

“छापलेला कागद आणि तुझे भावोजी, दोन्ही बदलत नाहीत हे मला माहीत आहे. पण कागद तरी फाडता येतो.”

होआणि भावोजींच्या शेजारी सरकून बसला. “भावोजी, ऐका. चहानंतर खोडफेरी असते. तेव्हा घंटा नाही, बंदी नाही. तुमच्या पोटात जेवढे ‘नाही’ असतील तेवढे तेव्हा काढा. मी तुम्हाला सगळ्यात आधी उभं करतो. शब्द देतो.”

“नक्की?”

“हो.”

“हे तुझं नेहमीचं ‘हो’ की खरं ‘हो’?”

“खरं, भावोजी.”

भावोजींनी चष्मा काढून मिटला. “बघू,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून आनंदाची उडी.

आणि मग ती बैठक झाली. होआणिच्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर बैठक होती, यात वाद नाही. मोडक्या छत्रीलाच खोली अशी पेटली, की हिशेबनीसांनी छत्रीच्या काड्यांनी कान कोरायचा कारखाना काढला आणि विक्रीतल्या बाईंनी त्याला भांडवल दिलं. मग प्रश्न भिंतीवर लागला. चिठ्ठ्या सरकू लागल्या. भावोजी नुकताच धुतलेला शर्ट घालून, हातात पेन धरून, कोपऱ्यात उभे होते. त्यांनी त्यांच्या चिठ्ठीवर “बाकावर एक पंखा बसवावा” असं लिहिलं. हा त्यांचा आयुष्यातला पहिला होकारार्थी प्रस्ताव असावा. त्याखाली कुणीतरी भर घातली, “हो, आणि लोक तिथेच झोपतील.”

चिठ्ठ्या वाचायला सुरुवात झाली. त्यातली एक कुणाची होती ते कळलं नाही, कळू नये अशीच सोय असते. होआणिने ती मोठ्याने वाचली: “दुरुस्ती करूच नये. बिघडलेला पंखा घ्यावा आणि नवा हातात द्यावा.”

मग विक्रीतल्या बाई म्हणाल्या, “हो, आणि जुन्याचं तांबं वितळवू!”

“हो, आणि नव्यासाठी थोडे वरचे पैसे घेऊ!”

“हो, आणि गिऱ्हाईक दर दोन वर्षांनी मुद्दाम पंखा बिघडवेल!” हशा.

“हो, आणि तळमजल्यावर झकास शोरूम होईल!”

वाक्यावर वाक्य चढत होतं. होआणि भिंतीवर लिहीत होता, शाई बोटांना लागत होती, चेहऱ्यावर घाम आणि आनंद. खुर्च्या विकणाऱ्या माणसाने आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती हीच घटका: कुणी कुणाला घाबरत नव्हतं, हात नसलेल्या खुर्चीतली माणसं हात उंचावत होती. अशा वेळी कोपऱ्यातून आवाज आला:

“नाही.”

होआणिचा हात घंटेवर गेला. डोक्याला कळायच्या आत गेला, असं तो सांगतो, आणि मला ते पटतं. एवढ्या वर्षांची सवय. टण्ण.

खोली खो-खो हसली. कुणीतरी म्हणालं, “दादा, तुमचं दुरुस्ती खातं बोललं!” दुष्टपणा कुणाच्या मनात नव्हता. भावोजीही ओठ ताणून थोडे हसले आणि त्यांनी होआणिकडे बघून हाताने कपाची खूण केली. म्हणजे, चहानंतर.

ठिपके चिकटले. ती चिठ्ठी लाल झाली, इतकी की खालची अक्षरं दिसेनात. भावोजींनी आपले ठिपके कशालाच लावले नाहीत. ते त्यांनी तळहातावर चिकटवून ठेवले होते.

चहा आला. बिस्किटं आली. भावोजींनी चहा घेतला नाही. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते आणि मोजत मोजत बोटं दुमडत होते: एक, दोन, तीन. त्यांच्याकडे मुद्दे होते. ताई म्हणते, आदल्या दिवशी त्यांनी आरशासमोर तालीम केली होती. त्यातला एक मुद्दा आपल्या सहा माणसांच्या घरांचा होता आणि तो म्हणताना आवाज चिरकतो म्हणून तो शेवटी घ्यायचा की आधी, यावर दोघांचं भांडणही झालं होतं.

होआणिने घंटा पिशवीत टाकली. एवढ्यात मालकीणबाई आत आल्या. भिंत बघून थबकल्या. “अगंबाई,” त्या म्हणाल्या. त्यांनी भिंतीचा फोटो घेतला, मग ठिपक्यांचा जवळून, मग सगळ्यांचा एकत्र. “सॉरी हं, मी मध्येच आले. पण काय सुरेख काम केलंय तुम्ही! आणि हे मी नाही, तुम्हीच शोधून काढलंत.” मग त्या होआणिकडे वळल्या. “आता पुढे काय आहे?”

“खोडफेरी, मॅडम. आता याच्यातल्या अडचणी...”

“अय्या, नको ना!” त्या इतक्या मनापासून म्हणाल्या, की दोन-चार जणांनी माना डोलावल्या. “सगळे किती आनंदात आहेत. आता कशाला विरस? अडचणी आम्ही वर बसून बघू. इथेच थांबू या. चालेल ना?”

इथे त्याने एक शब्द म्हणायचा होता. दोन अक्षरं. तान्ह्या मुलालाही वाटी ढकलून तो शब्द म्हणता येतो. ओळंब्याचं ते सुंदर वाक्य त्याच्याजवळ होतं, दिलेला शब्द होता, आणि खिडकीशी भावोजी दुमडलेली तीन बोटं तशीच धरून त्याच्याकडे बघत होते.

“हो,” होआणि म्हणाला. “आणि...”

सगळे त्याच्याकडे बघत होते. ‘आणि’च्या पुढचं त्याला सुचेना. जगाला सुचवणाऱ्या माणसाला सुचेना.

“आणि धन्यवाद,” तो म्हणाला.

टाळ्या झाल्या.

तिमाही संपायच्या आत दुरुस्ती विभाग बंद झाला. कडू असलं तरी सांगायला हवं, की गिऱ्हाइकं खूश झाली. भावोजींचे मुद्दे ऐकले असते तरी कदाचित हेच झालं असतं. त्यांच्या मागच्या शेकडो हरकतींसारखी ही हरकतही हवेत गेली असती. पण ऐकली जाऊन गेली असती. आता काय झालं असतं ते कुणालाच सांगता येणार नाही. सातांपैकी दोघांना गोदामात घेतलं. बाकीच्यांना मालकीणबाईंनी स्वतः हात हातात घेऊन निरोप दिला आणि म्हणाल्या, “हे तुमच्याच सहकाऱ्यांनी सुचवलंय,” म्हणजे कुणावर रागवायचीही सोय उरली नाही.

भावोजी होआणिवर रागावले नाहीत. ते एकदाच म्हणाले, “तुझ्या ‘हो’चा मला भरवसा वाटला, ही माझी चूक.” ताई मात्र रागावली. तिने महिनाभर फोन उचलला नाही. मग उचलला आणि म्हणाली, “बोलणं नंतर. आधी ह्यांना काम बघ. घरात बसून ते माझ्या भांड्यांना ‘नाही’ म्हणतायत.”

होआणिने काम दिलं. आपल्याकडेच. त्याला वाटलं, खोडफेरीला असा माणूस मिळणं म्हणजे सोनं. प्रत्येक बैठकीत भावोजी नवी खोली, नवी भिंत बघतील आणि खऱ्या हरकती घेतील. पहिल्या कंपनीत त्यांनी त्या घेतल्याही. चांगला अर्धा तास. त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. दुसऱ्या कंपनीत कुणीतरी हसलं. त्यांच्या त्या ठाम, नाकातल्या ‘नाही’लाच हसलं. मग सगळेच हसले. तिसऱ्या कंपनीने फोनवर विचारलं, “ते ‘नाही’वाले काका येणार आहेत ना? त्यांच्याबद्दल फार ऐकलंय.”

आता ते गाजलेत. होआणि त्यांची ओळख करून देतो, खोली आधीच हसायला तयार असते. कल्पना वाचली जाते, भावोजी एक पाऊल पुढे येतात, चष्मा लावतात, थांबतात, ते थांबणं त्यांना फार छान जमतं, आणि म्हणतात, “नाही.” छप्पर उडतं. एका ठिकाणी एका मुलीने हसू ओसरल्यावर विचारलं, “पण का नाही, काका?” भावोजींनी एक बोट दुमडलं. म्हणजे त्यांच्याकडे होतं सांगायला. पण पुढची चिठ्ठी वाचायची होती आणि होआणिने ती वाचली.

परवा मी त्या दोघांना एका कचेरीच्या पायरीवर बघितलं. बैठक आटोपली होती. होआणि शाईची पेनं मोजून पिशवीत टाकत होता. भावोजी कागदाच्या गुंडाळ्या काखेत धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती. या माणसाला आयुष्यभर कुणाला काय वाटेल याची पर्वा नव्हती. त्यांनी दोनदा घसा साफ केला आणि मेहुण्याला हळूच विचारलं,

“आज दुसऱ्या वेळी कमी हसले का रे?”